बाबासाहेबांचे ‘पार्टटाइम’ दिवस

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी खासगी क्लासला. परवा एका संस्थाचालकांनी ऐकवलं, “बाबासाहेबांनीसुद्धा पार्टटाइम शिकवलंय, तुम्ही कशाला रडता?”

शिकवलंय, हे खरंच. पण का, ते कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

1923 ला ते लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले. कोलंबियाचं शिक्षण त्याआधीच झालेलं. हायकोर्टात वकिली सुरू केली. पण बॅरिस्टरला काम येतं सॉलिसिटरकडून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर तयार नसत. मग 1925 पासून 1928 पर्यंत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये पार्टटाइम मर्कंटाइल लॉ शिकवला. जोडीला विद्यापीठाचे पेपर तपासणं. घर परळच्या बीआयटी चाळीत, दोन खोल्यांचं. लंडनला जाण्याआधीही हेच: बडोद्याची नोकरी जातीपायी सोडावी लागली, मुंबईत येऊन शिकवण्या केल्या, शेअर-व्यवहारांचा सल्ला देणारं ऑफिस काढलं. सल्ला देणारा कोण ते कळलं आणि गिऱ्हाईक आटलं.

म्हणजे चार ठिकाणचे तुकडे जोडणं ही काय हौस नव्हती. अख्खी भाकरी मिळायची दारंच बंद होती.

आता उरलेल्या वेळाचं बघा. 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभा. 1927 च्या फेब्रुवारीत मुंबई कायदेमंडळात, मार्चमध्ये महाडला चवदार तळ्यावर, एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू, त्याचे बरेचसे रकाने स्वतःच लिहायचे. 1927 चं हे सगळं बाटलीबॉयमधली नोकरी चालू असताना! पोटापुरतं कमवायचं आणि बाकीचे तास समाजाला द्यायचे, असा तो हिशोब होता. त्या माणसाचं बळ वेगळंच, पण ते तास तरी त्यांच्या हातात होते.

आमचे तास एसटीत जातात. तास घेतला तर पैसे, मे महिन्यात शून्य. नेट-सेट, पीएचडी सगळं असून. यात वाचायचं कधी, लिहायचं कधी, मोर्चाला जायचं कधी? (मोर्चाला गेलो तर पुढच्या जूनला बोलावणं येईल का, हा आणखी वेगळा प्रश्न.)

बाबासाहेब 1928 च्या जूनमध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवायला लागले आणि 1935 ला तिथेच प्राचार्य झाले. आमच्यातल्या एका सरांना चौदा वर्षं झाली. ते अजून तासावरच आहेत.