चाळीस मिनिटांचं गीतरामायण

परवा पालघरला मावशीकडे गेलो होतो. माळा आवरताना एका खोक्यात गीतरामायणाच्या सीड्या निघाल्या आणि मला एकदम २००४ सालची दिवाळीची सुट्टी आठवली.

तेव्हा आम्ही बोईसरला. बाबा एमआयडीसीतल्या कारखान्यात, मी इंजिनीअरिंगला. सुट्टी लागली की शटल पकडून पालघरला दादाकडे (विरारच्या पुढे लोकल २०१३ मध्ये आली, त्यामुळे शटल चुकली की बसा फलाटावर). दादा माझा मावसभाऊ. त्याला जन्मापासून दिसत नाही. नवीन कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर 'जॉज'.

जॉज म्हणजे शार्कचा सिनेमा नव्हे, स्क्रीन रीडर. पडद्यावर जे आहे ते बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. टेड हेंटर हा अमेरिकन मोटारसायकल रेसर १९७८ च्या अपघातात अंध झाला, पुढे प्रोग्रॅमिंग शिकला आणि त्याच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉसवरचा जॉज काढला. डॉसमध्ये काम तसं सोपं होतं. पडद्यावरची अक्षरं मेमरीत अक्षरं म्हणूनच असायची, ती उचलायची आणि बोलायची. विंडोज आलं आणि सगळ्याचंच चित्र झालं. मग विंडोज काय रंगवतंय ते मधल्या मधे पकडून पडद्याची एक नक्कल मेमरीत बनवत राहायचं, असला खटाटोप करावा लागला. १९९७ पासून मायक्रोसॉफ्टने सोय केली की बटणालाच विचारायचं, बाबा रे, तुझं नाव काय? पण बटण प्रोग्रॅमरने विंडोजचं नेहमीचं वापरलं असेल तरच ते उत्तर देणार. स्वतः रंगवलेली चकाचक स्किन असेल तर गप्प.

दादाकडे जॉजची फुकटची आवृत्ती होती. ती चाळीस मिनिटं चालायची, मग कॉम्प्युटर रीस्टार्ट. पूर्ण किंमत हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे कॉम्प्युटरपेक्षा जास्त. तेव्हा आमचं सगळं आयुष्य चाळीस मिनिटांच्या हप्त्यांत.

त्याला गीतरामायण कॉम्प्युटरवर हवं होतं. कॅसेटवर ब्रेलची चिठ्ठी चिकटवता यायची, सीडीवर कुठे चिकटवणार? हाताला सगळ्या सारख्याच. पहिला प्रयोग माझ्या अतिशहाणपणाचा. सीडी लावली आणि साउंड रेकॉर्डरने रेकॉर्ड करायला घेतली. कॉम्प्युटरमधून जे ऐकू येतं ते सगळं रेकॉर्ड होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. बाबूजींच्या आलापाच्या मधोमध एक इंग्रज यंत्रमानव ठणकावून सांगतो, 'स्टार्ट बटन'! दादा हसून हसून आडवा.

खरा मार्ग रिपिंगचा. साउंड कार्डाच्या वाटेला न जाता ड्राइव्हकडून थेट आकडे मागायचे. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन चॅनेल, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. ते तसेच उतरवून घेतले की जॉज शेजारी कितीही बडबडो, गाण्यात येत नाही. आमच्या कामी आला सीडीएक्स. दिसायला अगदी साधा, विंडोजची नेहमीची बटणं, मेनू आणि यादी. म्हणूनच जॉज तो घडाघडा वाचायचा. एफ-नाईन दाबलं की काम सुरू. माझा लाडका विनॅम्प स्किनांमुळे दादाला डोकेदुखी वाटायचा. तेव्हापासून स्वतः रंगवलेली बटणं करताना माझा हात थोडा थांबतो.

पण मुख्य भानगड नावांची. सीडीवर गाण्यांची नावं बहुधा नसतातच. कॉम्प्युटरला जी दिसतात ती सीडीडीबीसारख्या यादीतून येतात. नव्वदच्या दशकात जगभरच्या लोकांनी फुकट टाइप करून भरलेली ही यादी पुढे एका कंपनीच्या मालकीची झाली, आणि त्यातून फ्रीडीबी निघाली (तीही २०२० मध्ये बंद पडली). ट्रॅक कुठे सुरू होतात त्यावरून सीडी ओळखायची, अशी युक्ती. आमच्या एका सीडीला नावं मिळाली, रोमन लिपीत, चित्रविचित्र स्पेलिंगमध्ये. जॉजने अमेरिकन ढंगात वाचल्यावर ती कुठल्या भाषेतली आहेत तेही कळेना. बाकी सगळ्या 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२'. आणि गीतरामायण म्हणजे काही सुटी गाणी नव्हेत. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर आठवड्याला एक असं ते लागायचं, गदिमांचे शब्द आणि बाबूजींची चाल. अधिक महिना आल्याने गाणी झाली ५६. पहिल्यापासून शेवटपर्यंत ती एक गोष्ट आहे. प्रत्येक सीडीचं 'ट्रॅक ०१' एकाच फोल्डरमध्ये पडलं तर सीता आधी परत येणार आणि मग हरवणार!

दादाने माझ्यावर विसंबायला साफ नकार दिला. "तू उद्या बोईसरला जाशील. मला माझं यायला पाहिजे." मग प्रत्येक गाणं ऐकायचं, एफ-टू दाबून ०१ ते ५६ आकडा द्यायचा, पुढे स्वतःच्या रोमन स्पेलिंगमध्ये नाव. चाळीस मिनिटांत एक सीडी उतरवून नावं देऊन व्हायची. ओरखडे असले तर नाही. एकदा तर मधेच लाइट गेले. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला, १९६९ पासून, आणि भारनियमन आम्हाला! असो. चार दिवस लागले. शेवटच्या दोन सीड्या त्याने मी झोपलो असताना एकट्याने केल्या.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतला, मुक्त आणि फुकट. दादा आता तोच वापरतो, चाळीस मिनिटांची कटकट गेली. मोबाइल देवनागरीही वाचतो. पण त्या ५६ फायलींची नावं त्याने बदललेली नाहीत. माळ्यावरून सीड्या काढल्यावर त्याने लॅपटॉपवर सत्तावन्नावी फाईल लावली. बाबूजींचा आलाप, आणि मधेच 'स्टार्ट बटन'. एवढी वर्षं ठेवली होती पठ्ठ्याने.