हेडफोन ॲम्प्लिफायर : निवड आणि जोडणी

फोन, संगणक, सीडी प्लेअर किंवा डॅककडून (डिजिटल संकेताचे ॲनालॉगमध्ये रूपांतर करणारे उपकरण) येणारा ध्वनिसंकेत वाढवून तारेच्या हेडफोनला पुरेसा व्होल्टेज आणि करंट पुरवणारे उपकरण. बोलण्यात नुसते ‘ॲम्प’. ब्लूटूथ हेडफोनमध्ये स्वतःचा ॲम्प बसवलेला असतो, त्यामुळे बिनतारी ऐकणाऱ्याला बाहेरच्या ॲम्पचा उपयोग नाही. प्रस्तुत नोंदीत तारेच्या चांगल्या हेडफोनला ॲम्प कसा निवडावा हे सांगितले आहे आणि ते सांगताना छत्रपती संभाजीनगरमधील (पूर्वीचे औरंगाबाद) घरांतली वीज, अर्थिंग आणि उन्हाळा समोर ठेवला आहे. परदेशी परीक्षणांत या तीन गोष्टींचा विचार सहसा नसतो. इथे मात्र पैसे वाया जातात ते बऱ्याचदा त्यांच्यामुळेच.

हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात. पहिला इम्पीडन्स, ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर किती डेसिबल आवाज निघतो ते. हा दुसरा आकडा कोणी १ मिलिवॉटला देतो, कोणी १ व्होल्टला. एकक न पाहता दोन हेडफोनची तुलना केली तर हिशेब साफ चुकतो : ३०० ओहमच्या हेडफोनचे १ मिलिवॉटला ९७ डेसिबल म्हणजेच १ व्होल्टला सुमारे १०२ डेसिबल.

गाण्यातल्या सर्वांत जोरकस क्षणासाठी ११० डेसिबलपर्यंत मोकळीक ठेवायची असे धरू. वरच्या ३०० ओहमच्या हेडफोनला त्यासाठी २० मिलिवॉट लागतात. व्होल्टेज सुमारे २.४५, करंट जेमतेम ८ मिलिअँपिअर. सेनहायझरचा एचडी ६०० हा याच घराण्यातला. आता हायफायमॅनचा प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याचा) एचई-६ घ्या : ५० ओहम, १ मिलिवॉटला ८३.५ डेसिबल. त्याच ११० डेसिबलसाठी त्याला सुमारे ४५० मिलिवॉट, ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर लागतात. उलट १६ ओहमच्या, १ मिलिवॉटला ११० डेसिबल देणाऱ्या इअरफोनचे ०.१३ व्होल्टवर भागते. जास्त ओहमचा हेडफोन ‘जड’ असतो ही बाजारातली समजूत त्यामुळे अर्धीच खरी आहे. जास्त ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज लागतो, तर कमी ओहमच्या पण कमी सेन्सिटिव्हिटीच्या प्लॅनर हेडफोनला करंटही भरपूर लागतो, आणि दुसरी गरज भागवणे अधिक खर्चाचे असते. ॲम्पची शक्ती वाचतानाही ती किती ओहमवर मोजली आहे ते पाहावे. ३२ ओहमवर १ वॉट देणारा ॲम्प ३०० ओहमवर १०० मिलिवॉटच्या आसपासच देऊ शकतो, आणि तेवढे तिथे पुरून उरतात.

मग ॲम्प हवाच का? पुष्कळदा नको. फोनला लावायचे साधे डोंगल १ व्होल्ट देत असेल तर ३०० ओहमच्या या हेडफोनमधून १०२ डेसिबल निघतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही ऐकण्याची मर्यादा सुचवली आहे. त्या पातळीवर ऐकणाऱ्याला वर २२ डेसिबलची जागा उरते, आणि ख्यालगायनाला ती सहसा पुरते. अडचण येते ती टेपवरून उतरवलेल्या जुन्या मैफलींशी. त्यांची ध्वनिपातळी मुळातच बरीच खाली असते. फोनचा आवाज पूर्ण वाढवूनही आलाप दूरच राहतो. अशा श्रोत्याला १०-१२ डेसिबल जास्त देणारा ॲम्प खरोखर उपयोगी पडतो.

शक्तीपेक्षा अधिक दुर्लक्षिलेला आकडा म्हणजे ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स. हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो. डायनॅमिक (तारेच्या गुंडाळीने पडदा हलवणाऱ्या) प्रकारात तो खालच्या स्वरांत, बहुधा १०० हर्ट्झच्या आसपास, उंचावतो. ॲम्पचा स्वतःचा इम्पीडन्स मोठा असेल तर त्या उंचवट्यावर हेडफोनला जास्त वाटा मिळतो आणि खर्ज फुगतो. १९९६ साली आयईसी ६१९३८ या मानकाने हेडफोनच्या आउटपुटला १२० ओहम सुचवले होते. जुन्या रिसीव्हरच्या हेडफोन जॅकमध्येही स्पीकरच्या आउटपुटला मोठा रेझिस्टर जोडून काम भागवलेले असे. अशा १२० ओहमच्या जॅकला, खर्जात ३०० वरून ५०० ओहमवर जाणारा हेडफोन लावला तर फरक सुमारे १ डेसिबल पडतो. तोच जॅक ३२ वरून ६० ओहमवर जाणाऱ्या हेडफोनला दिला तर फरक ४ डेसिबल होतो. ४ डेसिबल म्हणजे कान देऊन शोधावा लागणारा फरक नव्हे. डग्ग्याची घुमक तबल्याच्या चाटीवर चढते आणि काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज, जो ६९ हर्ट्झवर असतो, त्याच्या वरच्या सुरावटीला झाकू लागतो. जवारीचे सगळे सौंदर्य त्या वरच्या स्वरांशांत आहे. म्हणून आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा असा संकेत आहे : ३२ ओहमला ४, ३०० ओहमला ३७. प्लॅनर हेडफोनचा इम्पीडन्स जवळजवळ सपाट असल्याने त्यांच्या स्वरात याने फरक पडत नाही. आजचे बहुतेक ट्रान्झिस्टर किंवा चिपवरचे ॲम्प १-२ ओहमच्या आतच असतात. हा आकडा छापलेला नसेल तर विचारून घ्यावा. माझ्या मते मोठ्या वॉटपेक्षा या एका आकड्यासाठी थांबणे शहाणपणाचे.

ट्रान्सफॉर्मर नसलेले व्हॉल्व्हचे ॲम्प (ओटीएल) ३०० ते ६०० ओहमच्या हेडफोनला शोभतात. त्यांचा आउटपुट इम्पीडन्स मोठा आणि करंट कमी, त्यामुळे प्लॅनरला ते घेऊ नयेत. बॅलन्स्ड आउटपुट (४.४ मिमी किंवा चार पिनांचा एक्सएलआर) साध्या जॅकच्या दुप्पट व्होल्टेजपर्यंत, म्हणजे ६ डेसिबलपर्यंत जास्त देते. त्या ६ डेसिबलची गरज नसेल तर त्यासाठी वेगळी केबल घेण्याचे कारण नाही.

गेन (ॲम्प संकेत किती पटींनी वाढवतो ते प्रमाण) हा प्रश्न उलट्या बाजूने त्रास देतो. संवेदनशील इअरफोन जास्त गेनच्या ॲम्पला लावले की गाणे सुरू होण्याआधीच सळसळ ऐकू येते आणि नॉब सुरुवातीच्या थोड्याशा भागातच फिरवता येते. साध्या पोटेन्शिओमीटरचे डावे-उजवे पट्टे त्या भागात नीट जुळत नाहीत, त्यामुळे गायक एका कानाकडे सरकतो. कमी-जास्त गेनचे बटण असलेला ॲम्प घ्यावा आणि कमी गेनवरून सुरुवात करावी. तपासायला तबला सुरू होण्यापूर्वीच्या आलापासारखी जागा नाही.

आता घरातली वीज. संभाजीनगर दख्खनच्या बेसाल्टवर वसले आहे. खडकावरची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि कोरड्या मातीत अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणूनच अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरतात आणि मार्चनंतर पाणी घालत राहतात. जुन्या वाड्यांत किंवा भाड्याच्या खोल्यांत तीन भोकांच्या सॉकेटमागे अर्थची तार जोडलेलीच नसेल, तर तीन पिनांच्या संगणकाचा धातूचा सांगाडा फिल्टर कपॅसिटरमुळे अर्ध्या व्होल्टेजवर तरंगतो. हात लावला की झिणझिण्या येतात आणि ॲम्पमध्ये गुरगुर शिरते. दुसरा प्रकार अर्थ-लूपचा. संगणक आणि ॲम्प दोघेही तीन पिनांचे, वर यूएसबी किंवा आरसीए केबलने जोडलेले. मग अर्थच्या दोन वाटा तयार होतात आणि ५० किंवा १०० हर्ट्झची घुणघुण येते. ओळखायची रीत सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घुणघुण थांबली तर दोष ॲम्पचा नाही. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावावीत. तरी राहिली तर यूएसबी आयसोलेटर किंवा संगणकापासून डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल वापरावी. अर्थची पिन तोडून घुणघुण घालवणारे लोक भेटतात. तो जिवाशी खेळ आहे, कुणीही करू नये. आधी वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे. महागडा ॲम्प त्यानंतर.

वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर असलेला ॲम्प गुणगुणतो आणि तापतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प या घरांना जास्त योग्य, शिवाय त्याला अर्थ-लूपचा त्रास जवळजवळ नाही.

एप्रिल-मे महिन्यांत शहराचा पारा ४० अंशांच्या वर जातो. क्लास-ए ॲम्प गाणे चालू असो वा नसो, तेवढीच वीज खाऊन उष्णता टाकत राहतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमानाच्या दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते, हे गृहीत धरून अशा ॲम्पला बंद कपाटात किंवा डॅकच्या डोक्यावर ठेवू नये. याच काळात उघड्या पाठीच्या हेडफोनला खरा अडथळा ॲम्पचा नसून पंख्याचा आणि कूलरचा असतो. कूलरच्या घरघरीखाली ॲम्पची अतिसूक्ष्म सळसळ कुणालाच ऐकू येणार नाही. उन्हाळ्यात रात्री ऐकणाऱ्याने ध्वनिविकृतीच्या (डिस्टॉर्शन) आकड्यात आणखी दोन शून्ये मिळवण्यासाठी पैसे घालण्याऐवजी बंद पाठीचा हेडफोन घ्यावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

स्वतः बनवण्याचाही मार्ग आहे. २०११ साली टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने ‘ऑब्जेक्टिव्ह-२’ या ॲम्पचा आराखडा सर्वांसाठी मांडला : आउटपुटला एनजेएम ४५५६ चिप, आउटपुट इम्पीडन्स १ ओहमच्या आत, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालण्याची सोय. संभाजीनगरला इलेक्ट्रॉनिक्स परके नाही. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचे दूरचित्रवाणी संच बनत, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात आज नायलिट ही इलेक्ट्रॉनिक्सचे प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे. मल्टिमीटर आणि सोल्डरिंग जमणाऱ्या विद्यार्थ्याला हा आराखडा आवाक्यातला आहे. भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा टपालाने मिळू शकतात.

बाहेरदेशातून मागवलेल्या ॲम्पच्या बुडाशी ११५/२३० व्होल्टचा स्विच असेल तर तो २३० वर आहे याची खात्री पहिल्यांदा वीज देण्यापूर्वी करावी. नॉब शून्यावर ठेवून ॲम्प चालू करावा, हेडफोन त्यानंतर लावावा. बंद करताना आधी हेडफोन काढावा, कारण काही ॲम्प सुरू किंवा बंद होताना जोराचा ‘ठप्’ देतात. हेडफोनपूर्वी मल्टिमीटरने आउटपुटवरचा डीसी व्होल्टेज पाहिला तर उत्तम. तो १०-२० मिलिव्होल्टच्या आत असावा. शेकडो मिलिव्होल्ट दिसले तर हेडफोन न लावता ॲम्प परत करावा.