क्रीडामार्गदर्शकांचे प्रशिक्षण, महाराष्ट्रातील

खेळ, व्यायाम व मल्लविद्या शिकविणाऱ्यांना त्या कामाचे पद्धतशीर शिक्षण देण्याची व्यवस्था. महाराष्ट्रात ती विसाव्या शतकात उभी राहिली. तत्पूर्वी ही विद्या तालमीतील वस्तादाकडून शिष्याकडे परंपरेने जात असे. डावपेच, मेहनत, खुराक, हौद्यातील मातीची निगा आणि मुरगळलेल्या अवयवाचे मालिश हे सर्व एकच व्यक्ती जाणत असे. तिची परीक्षा जत्रेतील फडावर होई. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल अद्यापि भरते.

अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९२४ पासून उन्हाळी वर्ग चालविले. मद्रासचे वाय. एम. सी. ए. महाविद्यालय (१९२०) त्याआधीचे होय. मुंबई सरकारने कांदिवली येथे १९३८ मध्ये प्रशिक्षण संस्था काढली; पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचे आगाशे महाविद्यालय १९७७ मध्ये निघाले. या संस्थांतून प्रामुख्याने शाळांना शिक्षक मिळाले. वर्गाकडून कवाईत करवून घेणे आणि एका खेळाडूस स्पर्धेसाठी घडविणे ही कामे भिन्न आहेत, हे मात्र उशिरा ध्यानी आले. मातीत तयार झालेल्या खाशाबा जाधवांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी गादीवरील कुस्तीचे मार्गदर्शन रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाकडून मिळाले. तेथे ते सहावे आले. १९५२ मध्ये हेल्सिंकीस त्यांनी कांस्यपदक मिळविले. खेळवार मार्गदर्शक तयार करणारी राष्ट्रीय संस्था पतियाळा येथे निघाली ती १९६१ मध्ये.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. वरील संस्थांपैकी एकही त्या भागात नव्हती. गुणी मल्लांची वाण मात्र तेथे नव्हती. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये ‘महाराष्ट्र केसरी’ झाले व १९७० मध्ये एडिंबरो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पुढे त्यांनी पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत मल्ल घडविले. त्यांचा अनुभव अशा रीतीने पुण्याच्या उपयोगी पडला, हे लक्षणीय आहे.

मैदानाची निगा राखणारे कामगार, पंच व भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्या शिक्षणाकडे त्यामानाने कमी लक्ष गेले. बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारण्यात आले. क्रीडाविद्यापीठाचा राज्य अधिनियम मात्र २०२० मधील आहे. ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेत माती व गादी असे दोन विभाग असून त्यांतील विजेत्यांमध्ये अंतिम लढत होते. त्यामुळे गावच्या वस्तादाला आता गादीवरील गुणपद्धतीही शिकवावी लागते. ती त्याला स्वतःला शिकविणारी सोय तालुक्याच्या ठिकाणी क्वचितच आढळते.