कथनदृष्टी आणि तिचे अध्यापन

कथा कोण सांगतो, तो कुठे उभा राहून सांगतो आणि त्याला किती ठाऊक असते, या तिन्हींतून ठरणारे कथेचे अंग म्हणजे कथनदृष्टी. ती शिकवण्यासाठी जुन्या, गाजलेल्या लघुकथा हाताशी घेण्याची रीत विसाव्या शतकात मुख्यतः अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत रुजली. कारण व्यवहारी होते. लघुकथा एका बैठकीत वाचून होते आणि निवेदक बदलला तर तिचे काय होते, हे लगेच करून पाहता येते.

एका बैठकीचा हा निकष एडगर ॲलन पो याचा. नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या कथासंग्रहावर 1842 मध्ये लिहिताना त्याने अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वाचून होणाऱ्या गद्यकथेची बाजू मांडली आणि तिच्यातील प्रत्येक शब्द एकाच परिणामाकडे नेणारा हवा, असा आग्रह धरला. पुढे पर्सी लबक याच्या ‘द क्राफ्ट ऑफ फिक्शन’ (1921) या ग्रंथाने कादंबरीचे सारे तंत्र कथनदृष्टीभोवती फिरते, असे प्रतिपादन केले. वर्गात हा विचार आणला तो क्लिअंथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांच्या ‘अंडरस्टँडिंग फिक्शन’ (1943) या पाठ्यपुस्तकाने. लेखकाचे चरित्र बाजूला ठेवून समोरची कथा बारकाईने वाचायची, ही त्याची शिस्त. वेन बूथने ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ (1961) मध्ये ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा दिली. ती आज शाळकरी मुलांच्याही तोंडी असते.

अध्यापनातली नेहमीची चूक व्याकरणापाशी होते. ‘मी’ आला की प्रथमपुरुषी, ‘तो-ती’ आले की तृतीयपुरुषी, एवढे ओळखून वही मिटली जाते. पण सर्वनाम ओळखल्याने कथा उलगडत नाही. कुणाला काय कळले आहे आणि त्यातले वाचकाला केव्हा सांगितले जाते, हा खरा प्रश्न आहे. उपरोध, पूर्वसूचन, प्रतीक ही इतर साधनेही बहुधा याच प्रश्नाला बांधलेली असतात. त्यांचे वेगवेगळे धडे पाडले की ती निर्जीव होतात.

पोची ‘द टेल-टेल हार्ट’ (1843) आणि शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ (1948) या दोन कथा शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट होते. पोचा निवेदक काही लपवत नाही. म्हाताऱ्याचा डोळा, खून, फळ्यांखाली पुरलेले प्रेत, सगळे तो सांगून टाकतो. वर आपण वेडे नाही, असेही बजावतो. त्याला ठाऊक नसते ते स्वतःबद्दलचे, आणि ते वाचकाला कळते. ‘द लॉटरी’चा निवेदक याच्या उलट. त्याला शेवट माहीत आहे, पण जूनमधल्या एका प्रसन्न सकाळी गावकरी कसे जमले, मुलांनी दगडांचा ढीग कसा रचला, एवढेच तो शांतपणे सांगत राहतो. दगड सुरुवातीलाच आहेत. ते कशासाठी, हे शेवटी कळते. पूर्वसूचन शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. ‘द न्यूयॉर्कर’मध्ये ही कथा आली तेव्हा गोंधळलेल्या, चिडलेल्या वाचकांची शेकडो पत्रे आली. एखाद्या निवेदकाने अलिप्त राहण्याची एवढी किंमत वसूल केल्याचे उदाहरण विरळाच.

गी द मोपासाँची ‘नेकलेस’ (1884) जगभर शिकवली जाते ती शेवटच्या धक्क्यासाठी. मातिल्द मैत्रिणीकडून हार मागून आणते, तो हरवतो, नवरा-बायको 36,000 फ्रँकांचा तसाच हार घेऊन परत करतात आणि दहा वर्षे कर्ज फेडत खंगतात. मूळ हार नकली, फार तर 500 फ्रँकांचा होता. हे मैत्रिणीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. हीच कथा तिच्या तोंडून सांगून पाहिली तर पहिल्याच परिच्छेदात संपते. वर्गात हा प्रयोग दहा मिनिटांत होतो आणि उपरोधाची व्याख्या पाठ करण्याची गरज उरत नाही.

त्याहून सूक्ष्म काम केट शोपँच्या ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ (1894) या दोन-तीन पानी कथेत आहे. हृदयविकार असलेल्या मिसेस मॅलर्डला नवरा रेल्वे अपघातात गेल्याची बातमी जपून सांगितली जाते. ती खोलीत एकटी जाते, दार लावते आणि निवेदक तिच्यासोबत आत जातो. खिडकीबाहेरची झाडे, पक्षी, निळे आकाश आपण तिच्या नजरेने पाहतो. दुःखामागून हळूहळू येणारी सुटकेची जाणीवही तिच्याइतकीच आपल्याला चकित करते. मग ती जिना उतरते, धडधाकट नवरा दारात येतो, आणि नेमक्या त्या क्षणी निवेदक तिच्या मनातून बाहेर पडतो. तिला काय वाटले ते सांगितले जात नाही. उरतो तो डॉक्टरांचा निष्कर्ष, की अति आनंदाने हृदय थांबले. बंद दाराआड काय घडले हे घरातल्या कुणालाच माहीत नाही, वाचकाला आहे. निवेदकाने जागा कुठे बदलली, त्या वाक्यावर बोट ठेवायला सांगणे हा या कथेवरचा सर्वांत फलदायी प्रश्न.

अर्नेस्ट हेमिंग्वेच्या ‘हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स’ (1927) मध्ये एब्रो नदीच्या खोऱ्यातील स्थानकावर एक पुरुष आणि एक तरुणी गाडीची वाट पाहत बोलतात. बोलण्याचा विषय गर्भपात आहे, पण तो शब्द कथेत नाही. निवेदक कुणाच्या मनात शिरत नाही असे शिकवले जाते आणि ते जवळजवळ खरे आहे. शेवटाकडे एका क्रियाविशेषणात तो पुरुषाच्या बाजूला किंचित झुकतो. विल्यम फॉकनरच्या ‘अ रोझ फॉर एमिली’ (1930) मध्ये ‘आम्ही’ म्हणून सारे गाव बोलते, आणि गावाला बंद घरातले जेवढे दिसते तेवढेच वाचकाला. र्‍यूनोसुके अकुतागावाची ‘यबु नो नाका’ (1922) तर एका मृत्यूबद्दलच्या सात जबान्यांनीच बनली आहे. त्यांतली एक मेलेल्या माणसाची, माध्यमामार्फत आलेली. निवाडा कथा करत नाही. अकिरा कुरोसावाचा ‘राशोमोन’ (1950) हा चित्रपट मुख्यतः हिच्यावर उभा आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने सर्वांत कल्पक संकलन जेम्स मॉफेट आणि केनेथ मॅकेल्हेनी यांचे ‘पॉइंट्स ऑफ व्ह्यू’ (1966). त्यात कथांचा क्रम काळाने किंवा विषयाने नव्हे, तर निवेदकाच्या अंतराने लावला आहे. मनातल्या मनात बोलणाऱ्या पात्रापासून सुरुवात. मग समोरच्याशी बोलणारा, पत्र लिहिणारा, रोजनिशी लिहिणारा, आणि अखेरीस कुणाच्याच मनात न शिरणारा अनाम निवेदक. अमेरिकेच्या 2010 च्या ‘कॉमन कोअर’ अभ्यासक्रम-मानकांतही कथनदृष्टीला स्वतंत्र स्थान मिळाले. वरच्या इयत्तांत उघड बोललेले आणि खरोखर अभिप्रेत असलेले यांतील फरक ओळखणे त्याच मानकात घातले आहे. उपरोध आणि कथनदृष्टी यांची सांगड तिथे सरकारी भाषेत का होईना, मान्य झाली.

मॉफेटच्या क्रमातील दुसऱ्या पायरीला मराठीत एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच आहे: नाट्यछटा. पुण्यात शिक्षक असलेले शंकर काशिनाथ गर्गे ऊर्फ दिवाकर (1889–1931) यांनी रॉबर्ट ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषितांपासून प्रेरणा घेऊन 1911 पासून तो घडवला. बोलतो एकच जण. ऐकणारे, त्यांचे प्रश्न आणि खोलीत काय चालले आहे, हे सारे त्याच्या बोलण्यातून ओळखायचे. ‘वर्डस्वर्थचे फुलपाखरू’ मधला वक्ता कवितेवर खूश आहे आणि घरातल्या पोरावर खेकसतो आहे. या दोन्हींतली विसंगती त्याला स्वतःला दिसत नाही.

कथांतून अशी साधने शिकवण्याच्या पद्धतीवर आक्षेपही आहेत. लुईझ रोझेनब्लॅट यांनी ‘लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन’ (1938) पासून वाचकाच्या अनुभवाला केंद्रस्थान दिले आणि केवळ माहिती उचलण्यासाठी केलेले वाचन साहित्यवाचनाहून वेगळे असल्याचे पुढे सविस्तर मांडले. साधनांची नावे शोधून अधोरेखित करण्याचा तास माहिती उचलण्याच्या वाचनात सहज घसरतो, आणि परीक्षेत नावे विचारणे सोपे असल्याने तो तसा घसरतोच. उलट, शोपँच्या कथेतील डॉक्टरला त्या दिवसाची नोंद लिहायला लावली, तर विद्यार्थ्याला त्या डॉक्टरला काय ठाऊक नाही हे आधी ठरवावे लागते.