निखळलेले चाक आणि अनिवार्य दुरुस्ती : विमानांच्या लँडिंग गिअरच्या सुरक्षा निर्देशांचा इतिहास – नागपूरच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

दिनांक ६ मे २०२१ रोजी नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून बीचक्राफ्ट सी-९० जातीच्या एका छोट्या विमानाने उड्डाण केले. हे विमान रुग्णवाहिका म्हणून वापरात होते आणि आत एक रुग्ण होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस होते. उड्डाण करताना विमानाचे एक चाक निखळून जमिनीवर पडले. वैमानिकाने विमान मुंबईला नेले. तेथे धावपट्टीवर फेस पसरण्यात आला आणि चाके न उघडता विमान पोटावर उतरविण्यात आले. आतील सर्वजण सुखरूप बाहेर पडले.

वर्तमानपत्रांनी वैमानिकाच्या कौशल्याचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. तथापि इतिहासाच्या अभ्यासकापुढे या घटनेतून एक वेगळा प्रश्न उभा राहतो. एका विमानात एका ठिकाणी आढळलेला दोष त्याच जातीच्या जगभरातील इतर विमानांत दुरुस्त व्हावा, यासाठी कोणती व्यवस्था आहे आणि ती कशी घडत गेली? या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी ‘एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह’ म्हणजे उड्डाणयोग्यता निर्देश हे साधन आहे. उत्पादक कंपनीचे सर्व्हिस बुलेटिन हा सर्वसाधारणपणे सल्ला असतो. शासकीय यंत्रणेचा निर्देश मात्र अनिवार्य असतो. तो ठरलेल्या मुदतीत पाळला नाही, तर ते विमान कायदेशीरपणे उडवता येत नाही.

प्रस्तुत निबंधात लँडिंग गिअरसंबंधीच्या अशा अनिवार्य दुरुस्त्यांचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे. ही व्यवस्था दोन प्रवाहांवर चालते. कारखान्यातून आणि हँगरमधून दोषाची माहिती वर जाते, आणि दुरुस्तीची आज्ञा वरून खाली येते. इतिहासात लक्ष बहुधा आज्ञेकडे गेले आहे. प्रत्यक्षात व्यवस्था दुबळी पडते ती माहितीच्या आणि अंमलबजावणीच्या टोकाला, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

रात्रीची टपालसेवा आणि डाकोटा विमाने

विमान वाहतुकीच्या नकाशावर नागपूरला महत्त्व आले ते त्याच्या मध्यवर्ती स्थानामुळे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. या सेवेचा भार प्रामुख्याने डाकोटा म्हणजे डग्लस डीसी-३ जातीच्या विमानांवर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेली अशी अनेक विमाने बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात नागरी वापरासाठी सिद्ध करण्यात आली होती.

डाकोटाची चाके हायड्रॉलिक दाबाने वर घेतली जात. वर घेतल्यावरही त्यांचा काही भाग बाहेर राहत असे, त्यामुळे चाके न उघडता उतरण्याचा प्रसंग आला तरी हानी तुलनेने मर्यादित राही. विमान जमिनीवर उभे असताना चाकांची यंत्रणा दुमडू नये म्हणून तिच्यात खिळी घालीत आणि उड्डाणापूर्वी ती न विसरता काढावी लागत. म्हणजे यंत्राची सुरक्षितता दर रात्री एका माणसाच्या स्मरणावर आणि हातावर अवलंबून होती.

या सेवेने मोठी किंमतही मोजली. १२ डिसेंबर १९५३ रोजी इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनचे एक डाकोटा नागपूरहून उड्डाण करताच एका इंजिनाची शक्ती गेल्यामुळे कोसळले आणि १३ जणांचा मृत्यू झाला. हा अपघात इंजिनाचा होता, चाकांचा नव्हे. परंतु उड्डाण आणि अवतरण हे प्रवासातील अत्यंत धोक्याचे क्षण आहेत ही गोष्ट नागपूरने फार लवकर अनुभवली.

कायद्याची चौकट

भारतात विमान अधिनियम १९३४ मध्ये आला आणि त्याखालील विमान नियम १९३७ मध्ये. विमानाला उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र असावे आणि त्याची देखभाल परवानाधारक अभियंत्याने प्रमाणित करावी, ही तत्त्वे या चौकटीत रुजली. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. उड्डाणयोग्यतेविषयीचे त्याचे आठवे परिशिष्ट १ मार्च १९४९ रोजी स्वीकारले गेले. नागपूरची रात्रीची टपालसेवा सुरू झाली तेच हे वर्ष.

या परिशिष्टातून आज जी व्यवस्था उभी आहे, तिच्यात दोन देशांच्या जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत. ज्या देशात विमानाची रचना झाली त्याने दोषासंबंधीची अनिवार्य माहिती इतरांना कळवावी. ज्या देशात विमानाची नोंदणी आहे त्याने ती स्वीकारावी किंवा स्वतः योग्य ती कारवाई करावी. भारतातील बहुतांश प्रवासी विमाने अमेरिका किंवा युरोपात रचलेली असल्याने निर्देशही मुख्यतः तेथूनच येतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ‘नागरी विमान वाहतूक आवश्यकतां’मध्ये अनिवार्य फेरबदल व तपासण्या हा स्वतंत्र विषय आहे. २०२० च्या दुरुस्तीने महासंचालनालयाला वैधानिक दर्जा मिळाला आणि दंडाची कमाल मर्यादा १० लाखांवरून १ कोटी रुपये झाली. पुढे १९३४ च्या अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली. तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला.

अपघातांतून घडलेले निर्देश

लँडिंग गिअर हा विमानाचा असा भाग आहे की ज्याचा दोष बहुधा गरजेच्या क्षणीच उघड होतो. उड्डाणात तो पोटात दडलेला असतो. उतरताना त्याच्यावर संपूर्ण वजनाचा आघात येतो आणि ब्रेकची प्रचंड उष्णता त्याला सोसावी लागते. म्हणून त्याच्यासंबंधीचे निर्देश बहुतेक वेळा अपघातानंतर आले.

३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत बोइंग ७२७ जातीचे एक विमान कोसळून १६७ जणांचा मृत्यू झाला. त्याच्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. तापलेल्या ब्रेकमुळे टायरचा उड्डाणात स्फोट झाला. त्यानंतर अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने १९८७ मध्ये निर्देश काढून ब्रेक असलेल्या चाकांत नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायूच भरावा असे बंधन घातले. आतील प्राणवायूचे प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक असू नये अशी मर्यादा ठरली. पदार्थविज्ञानातील एक साधी गोष्ट अशा रीतीने कायदा झाली.

परंतु निर्देश आला म्हणजे धोका संपला असे नाही. ११ जुलै १९९१ रोजी जेद्दा येथे यात्रेकरूंना घेऊन निघालेले डीसी-८ विमान पेटून २६१ जण मरण पावले. त्याच्या टायरमधील दाब कमी असल्याचे कर्मचाऱ्यांना आधीच माहीत होते. भरण्यासाठी नायट्रोजन सहज हाताशी नव्हता आणि वेळापत्रकाचा ताण होता. टायरमध्ये काय भरावे हे ठरलेले होते. ते भरण्याचे साधन आणि त्यासाठी विमान थांबविण्याचे धैर्य त्या जागी नव्हते.

दुसरी मर्यादा कारणांच्या अनेकतेची आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेतील कोलंबस येथे एअरबस ए-३२० चे पुढचे चाक ९० अंशांत आडवे वळलेल्या स्थितीत उतरले. कारण सुकाणू-यंत्रणेतील हायड्रॉलिक सीलचे अपयश हे होते आणि त्यावर अनिवार्य उपाय लागू झाला. तरीही २१ सप्टेंबर २००५ रोजी लॉस एंजेलिस येथे त्याच जातीचे विमान त्याच आडव्या चाकाने उतरले. या वेळी चाक फिरू न देणारे दोन धातूचे कान थकव्याने तुटले होते. उतरण्यापूर्वी यंत्रणा आपोआप वारंवार घेत असलेल्या चाचण्यांचा ताण त्यामागे होता. लक्षण एकच, कारणे निराळी.

तिसरी मर्यादा २००७ मध्ये दिसली. ९ सप्टेंबरला डेन्मार्कमधील आल्बोर्ग येथे आणि १२ सप्टेंबरला लिथुआनियातील विल्नियस येथे क्यू-४०० जातीच्या विमानांचे चाक उतरताना कोलमडले. आल्बोर्गच्या तपासात चाक वर-खाली करणाऱ्या दंडाच्या टोकाचे आटे गंजून तो भाग सुटल्याचे आढळले. १०,००० हून अधिक फेऱ्या झालेली विमाने तपासणीसाठी थांबविण्यात आली. त्यानंतर २७ ऑक्टोबरला कोपनहेगन येथे तिसरे विमान तसेच उतरले. तेथे एका भरकटलेल्या ‘ओ-रिंग’ने तेलाचा मार्ग अडविला होता. म्हणजे एकाच जातीच्या विमानांच्या दोषसत्रात गंज हे निसर्गाचे काम होते आणि चुकीच्या जागी पोहोचलेली रबरी कडी हे यंत्र जोडणाऱ्या हाताचे.

भारतीय अनुभव आणि नागपूरचे हँगर

परदेशी निर्देश जसाच्या तसा लागू करणे नेहमी सोपे नसते, याचे एक उदाहरण भारतातच आहे. १९८९ पासून इंडियन एअरलाइन्सने घेतलेल्या ए-३२० विमानांना प्रत्येक बाजूस दोनऐवजी चार चाकांची ‘बोगी’ बसविलेली होती. कमी मजबूत धावपट्ट्यांवर वजन विभागले जावे हा त्यामागील हेतू होता. विमानाची जात एकच असली तरी चाकांची रचना वेगळी होती. अशा वेळी निर्देश विमानाच्या नावावरून नव्हे, तर सुट्या भागाच्या क्रमांकावरून तपासावा लागतो. तो क्रमांक नोंदवहीत चुकीचा असेल, तर निर्देश लागूच होत नाही असा समज होऊन दोष तसाच राहू शकतो.

या संदर्भात नागपूरची भूमिका गेल्या दशकभरात बदलली आहे. एअर इंडियाने नोंदविलेल्या ६८ विमानांच्या मागणीशी निगडित बांधिलकी म्हणून बोइंग कंपनीने मिहान प्रकल्पात देखभाल-दुरुस्ती केंद्र उभारले आणि ते २०१५ मध्ये सुरू झाले. एअर इंडिया इंजिनिअरिंग सर्व्हिसेस लिमिटेड ही कंपनी ते चालवीत आली. एकेकाळी ज्या गावात विमाने केवळ टपालाच्या थैल्या बदलत, तेथे आता ती जॅकवर उचलून तपासली जातात. प्रत्येक निर्देशाचा क्रमांक, पूर्ततेची तारीख व पद्धत नोंदवून परवानाधारक अभियंता स्वाक्षरी करतो. दूरदेशी काढलेल्या आज्ञेचा प्रवास त्या स्वाक्षरीपाशी संपतो.

छोट्या विमानांचा प्रश्न

येथे पुन्हा ६ मे २०२१ च्या घटनेकडे वळणे आवश्यक आहे. आठव्या परिशिष्टानुसार विमानातील दोषांची माहिती रचनाकार संस्थेकडे पोहोचविणारी व्यवस्था ठेवण्याचे बंधन ५,७०० किलोग्रॅमहून अधिक वजनाच्या विमानांना उद्देशून आहे. सी-९० चे कमाल उड्डाण-वजन साडेचार टनांच्या आसपास, म्हणजे या रेषेच्या खाली आहे. ही आंतरराष्ट्रीय किमान मर्यादा होय. प्रत्येक देश आपले नियम त्याहून कडक करू शकतो. भारतात गंभीर घटनांच्या तपासासाठी २०१२ पासून स्वतंत्र विमान अपघात तपास यंत्रणाही आहे.

तरीही या रेषेचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. मोठ्या विमानाचा दोष शेकडो प्रवाशांच्या जिवाशी निगडित असल्याने त्याची दखल जगभर घेतली जाते. छोट्या विमानांच्या ताफ्यात मात्र चालक-कंपन्या लहान, विमाने जुनी आणि देखभालीची ठिकाणे विखुरलेली असतात. चाक निखळून पडले तर त्याची दखल घ्यावीच लागते. सैल नट, झिजलेले बेअरिंग किंवा गंजाचा पहिला डाग मात्र तेथल्या तेथे दुरुस्त होऊन विसरला जाऊ शकतो. अशा विमानांतून प्रवास करणाऱ्यांत रुग्ण असतात, आणि विमान निवडण्याची मुभा त्यांना नसते. विदर्भासारख्या प्रदेशात अत्यवस्थ रुग्णाला मुंबई, हैदराबाद किंवा दिल्ली गाठण्यासाठी हाच कधी कधी एकमेव मार्ग असतो.

निष्कर्ष

१. लँडिंग गिअरसंबंधीच्या अनिवार्य दुरुस्त्या प्रामुख्याने अपघातांतून घडल्या. १९८७ चा नायट्रोजनविषयक निर्देश १६७ मृत्यूंनंतर आला.

२. निर्देशाची परिणामकारकता त्याच्या शब्दांइतकीच स्थानिक साधनांवर अवलंबून असते. जेद्दाची घटना याचे कठोर प्रमाण आहे.

३. एका कारणावरील उपायाने सर्व कारणे संपत नाहीत. १९९९ व २००५ मधील ए-३२० च्या आणि २००७ मधील क्यू-४०० च्या घटना हेच सांगतात.

४. ५,७०० किलोग्रॅमखालील विमानांतील, विशेषतः हवाई रुग्णवाहिकांतील लहान दोषांची नोंद मोठ्या विमानांइतक्याच काटेकोरपणे होऊन रचनाकारापर्यंत जाणे गरजेचे आहे.

५. देखभाल केंद्र म्हणून वाढणाऱ्या नागपूरने आज्ञा पाळणारे ठिकाण एवढ्यावरच थांबू नये. येथील हँगरमध्ये दिसलेला दोष इतरत्रच्या विमानांना वेळीच वाचवू शकेल अशी माहिती वर पाठविणारे ते केंद्र व्हावे. त्या छोट्या विमानातील सर्वजण वाचले, म्हणून या घटनेचा अभ्यास कमी महत्त्वाचा ठरत नाही. कोणाचाही जीव न जाता धडा घेण्याची संधी या विषयाच्या इतिहासात फार थोड्या वेळा मिळाली आहे.