बलुची जानमाज : नाव पेठेचे, श्रम बाईचे



बलुच हे नाव आपल्या कानांवर येते ते बहुधा पानिपताच्या निमित्ताने. 1761 च्या पराभवानंतर कैद करून नेलेल्या मराठ्यांचे आपण वंशज आहोत, असे बलुचिस्तानातील बुगटी टोळीतले काही लोक आजही परंपरेने सांगतात. त्यामुळे बलुची गालिचा म्हटला की तो त्याच मुलखातला असणार, अशी आपली समजूत होते. वस्तुतः या नावाने विकले जाणारे बहुतेक गालिचे बलुचिस्तानात विणलेलेच नाहीत. ते इराणच्या ईशान्येकडील खुरासानातले, सरहद्दीवरच्या सिस्तानातले आणि अफगाणिस्तानातील हेरात व फराह या भागांतले. तिकडे जाऊन राहिलेल्या बलुच टोळ्यांनी ते विणले. शेजारच्या तैमुरी वगैरे टोळ्यांनीही विणले. मशहद आणि हेरातच्या पेठांत मात्र सगळ्यांवर एकच नाव पडले. माल कोणी केला हे मागे राहते आणि पेठेतले नाव पुढे होते, हा अनुभव आपल्याकडच्या कामकरी माणसाला नवा नाही. या नावाआड झाकलेल्या हातांविषयी मला आज बोलायचे आहे.

जानमाज म्हणजे नमाजासाठी अंथरायचा लहान गालिचा. सुमारे तीन फूट रुंद आणि चार-पाच फूट लांब. वरच्या टोकाला मशिदीतल्या मिहराबाची आकृती असते. नमाज पढणारा ती मक्केच्या दिशेला करतो. इतरत्र ही कमान निमुळती किंवा गोलाईची दिसते, बलुची जानमाजावर ती बहुधा चौकोनी असते. तिच्या दोन्ही बाजूंच्या चौकटींत कधी कधी हाताचे पंजे विणलेले आढळतात. मध्ये उंटाच्या रंगाची जमीन आणि तीवर सरळ, कोनदार फांद्यांचे झाड. ही जमीन उंटाच्या केसांची असे विक्रेते सांगतात. पुष्कळदा ती तशाच रंगाच्या मेंढीच्या लोकरीची असते. बाकीचे रंग गडद : मंजिष्ठाचा लाल, निळीचा निळा आणि काळपट तपकिरी. या तपकिरी रंगात लोखंडाचा क्षार असतो. तो लोकरीला खातो, म्हणून जुन्या जानमाजावर तेवढा भाग झिजून खोलगट झालेला दिसतो.

आता काम पाहा. माग जमिनीवर आडवा. चार खुंटे ठोकायचे, दोन दांडे बांधायचे, त्यांवर लोकरीचा ताणा ओढायचा. तळ हलवायची वेळ आली की खुंटे उपटून सारे गुंडाळायचे आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा ताणायचे. ताण मागेपुढे झाला की गालिचा एका ठिकाणी रुंद व दुसऱ्या ठिकाणी अरुंद होतो. विणणारी बाई. लोकर कातायची तीच, आणि स्वयंपाक, पाणी, मुले सांभाळून मागावर बसायची तीच. चौरस इंचात 80 गाठी धरल्या, तर तीन फूट बाय पाच फुटांच्या जानमाजात 1,72,800 गाठी होतात. दिवसाला 8,000 गाठी मारणारी बाई घरची इतर कामे सोडून बसली, तरी तिला 21 दिवसांहून अधिक लागतील. कातणे आणि रंगवणे निराळे. या दिवसांचा हजेरीपट कोणी ठेवला नाही.

म्हणून तंबूतला माग म्हणजे स्वातंत्र्य, असे रम्य चित्र मी काढणार नाही. टोळ्यांनाही धान्य, चहा, साखर लागे. जानमाज घरी वापरला जाई, तसा तो विकलाही जाई. बाजार मागापर्यंत फार पूर्वी पोहोचला होता. 1856 साली पर्किनने इंग्लंडात कृत्रिम रंग शोधला, 1897 साली जर्मन कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली. स्वस्त, कच्चे रंग इराणात शिरले. तेथील काजार सरकारने ते बंदीने अडवून पाहिले, पण ते पुरते थांबले नाहीत.

तरीही तंबू आणि कारखाना यांत फरक आहे, आणि तो विसरता कामा नये. शहरातल्या कारखान्यात नमुना मालकाचा, वेळ मालकाची. किरमानच्या गालिच्यांच्या कारखान्यांत लहान मुले अंधाऱ्या, ओलसर खोल्यांत बसून अपंग होत. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने हा प्रश्न उचलला, तेव्हा 1923 साली किरमानच्या गव्हर्नराने हुकूम काढला : कामाचा दिवस आठ तासांचा, आठ वर्षांखालील मुलगे व दहा वर्षांखालील मुली कामावर नकोत, तळघरात कारखाना नको. हुकूम निघाला तरी अंमल कठीणच होता. पण तक्रार कोणाविरुद्ध करायची, हे निदान ठरले. तंबूतल्या मागावर मालक दिसत नाही, म्हणून कायदाही तेथे जात नाही. आपल्या 1986 च्या बालकामगार कायद्याने गालिचे विणण्याच्या कामात मुलांना बंदी केली, पण कुटुंबाच्या मदतीने चालणारा माग वगळला. जेथे नाते असते तेथे शोषण नसते, असे कायद्याने गृहीत धरले.

1979 च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. पुढच्या वर्षांत पश्चिम अफगाणिस्तानातल्या बलुची गालिच्यांवर रणगाडे, हेलिकॉप्टरे आणि बंदुका दिसू लागल्या. डोळ्यांसमोर आले ते विणले गेले. मग परदेशी गिऱ्हाइकांना ते आवडले आणि व्यापारी तसलेच नमुने मागू लागले. दुःखाचाही माल झाला. एकाच वस्तूत विणकरणीचा अनुभव आणि गिऱ्हाइकाची आवड असे दोन्ही असते. ते वेगळे करून पाहणे हेच इतिहासाचे काम.

जुना बलुची जानमाज तुमच्या पाहण्यात आला, तर नक्षी पाहून झाल्यावर तो उलटा करा. पाठीवर प्रत्येक गाठ दिसते. एकाच निळ्या रंगात फिकट-गडद पट्टे दिसले, तर समजावे की लोकर थोडी थोडी, वेगवेगळ्या वेळी रंगवली गेली. एक इंच मोजून गाठींची संख्या काढा आणि साऱ्या गालिच्याचा हिशेब करा. नंतर किंमत विचारा, आणि तीतले किती विणणारीला मिळाले असतील, हेही विचारा. दुकानदाराला त्याचे उत्तर देता येणार नाही. पण प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक वाढले, तर तो प्रश्न पेठेतून मागापर्यंत पोहोचल्यावाचून राहणार नाही.