वाणीचे माप आणि माहितीचा ओघ

१९८४ साली आंतरराष्ट्रीय तार व दूरध्वनी सल्लागार समितीने ‘आयएसडीएन’ या एकात्मिक अंकीय जालाच्या शिफारशी मान्य केल्या. त्यातील वाहिनीचे माप मूलतः मानवी वाणीवरून ठरलेले होते. ध्वनीचे सेकंदास ८,००० नमुने व प्रत्येक नमुन्यास ८ बिट. म्हणून वाहिनीचा वेग सेकंदास ६४,००० बिट. संभाषण या मापात नेमके बसे; संगणकांचा व्यवहार मात्र बसेना. त्याचा ओघ क्षणात उसळे, क्षणात आटे. एक वाहिनी अपुरी पडे; अनेक सतत राखाव्यात, तर आकार व्यर्थ जाई. यास्तव गरजेप्रमाणे वाहिन्या जोडण्याची व सोडण्याची रीत निघाली. परंतु निरनिराळ्या वाहिन्यांतील विलंब सारखा नसल्यामुळे माहितीचे तुकडे मागेपुढे पोहोचत. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या व १९९६ साली सुधारलेल्या ‘मल्टिलिंक पीपीपी’ या संकेताने प्रत्येक तुकड्यास अनुक्रमांक देऊन ही अडचण दूर केली. पुढे अधिक वेगवान जोडण्या आल्या आणि ‘आयएसडीएन’ मागे पडले. तथापि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मल्टिपाथ टीसीपी’तही हेच तत्त्व आढळते. वाणीसाठी घडविलेले माप कालबाह्य झाले. त्याच्या अपुरेपणातून निघालेला उपाय मात्र टिकून राहिला.